रकाना सात

भादव्यात सुकीनं बांध नेला.
मदत आली चैत्र संपताना,
तीही आधी माझ्या हाती, तपासायला:
"दुरुस्तीमुळे पर्यावरणास बाधा: आहे / नाही."

तुटल्या कडेत पाच-सहा भोकं.
टेपचं दुसरं टोक धरून टोपलू फिरके म्हणाले,
"उंदरायची असतीन, मॅडम. नाही लिहा."

तेवढ्यात एकातून वेडा राघू निघाला,
केळीवरून माशी टिपून
परत आत.

टेप आमच्यात ताणलेली.
अर्जावर केळीच्या चिकाचा डाग,
तो काही जायचा नाही.

"कधी उडतीन पिलं?"
जेठात, म्हटलं. बहुतेक.
"अन् सुकी येते आखाडात,"
म्हणत ते बोटांवर
मोजत राहिले
मधले, जेसीबीचे दिवस.