रकाना क्रमांक सात

सातव्या रकान्यात विचारलं होतं:
पाण्याची खोली, मीटरमध्ये.
फोंडू पागी मानशीच्या दगडावर बसून
पागाच्या कडेचं शिसं दातांनी आवळत होते.
तोंडातला दोरा न सोडता म्हणाले,
"केन्ना?"

मी म्हटलं, आत्ता.
त्यांनी पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"आत्ता म्हणजे तुम्ही विचारलं तेव्हा,
की मी सांगेन तेव्हा?"

जुवे गावाच्या या अंगाला
खाडी म्हणावी इतकी ती मोठी नाही,
ओहोळ म्हणावं तर खारट.
नकाशात ती आहेच असं नाही.
साहेबांच्या नकाशात केसाएवढी,
माझ्या नकाशात घडीखाली.

रोज दोन घटका उशिरा येते भरती.
अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग,
हे मला पुस्तकातून ठाऊक.
फोंडूंना ते ठाऊक आहे
चिपीच्या मुळ्या किती उघड्या पडल्यात त्यावरून,
आणि डाव्या गुडघ्यावरून.

तीन वर्षांपूर्वी रस्ता झाला,
रस्त्याखाली मोरी.
"मोरी म्हणजे आमच्यात मासा,
आंबट-तिखटात बरा लागतो.
हिनं उलट आम्हालाच खाल्लं."
ओहोटीला होडी गाळात रुतते,
भरतीला डोकं स्लॅबला लागतं.
अर्धी भरती झाली की वाट उघडते,
पाऊण झाली की मिटते.
तेवढ्यात नदीत जायचं,
तेवढ्यातच परत यायचं, दुसऱ्या दिवशीच्या तेवढ्यात.
मासे काय, त्यांना स्लॅब लागत नाही.

"मागच्या श्रावणात चुकलो. भांग होता.
पाणी गाळावर चढलंच नाही नीट.
होडी चिखलात, होडीत मी, बालदीत शेवटे.
घराचा दिवा समोर, इतका जवळ
की फोडणीचा वास यावा.
बायको बांधावर येऊन उभी राहिली.
तिला पुढे येता येईना, मला मागे जाता येईना.
कंबरभर चिखल, त्यात कालवांच्या धारा.
मग बसली ती तिथंच.
पहाटेपर्यंत बोललो आम्ही.
लग्नाला एकतीस वर्षं झाली,
इतकं कधी बोललो नव्हतो."
काय बोललात, हे मी विचारलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

सव्वाचारला ते उठले.
"चला, आत्ता आत्ता झालं."

मोरीखाली दोघंही उताणे झोपलो.
वल्हं आडवं, फॉर्म माझ्या छातीवर.
फोंडूंनी तळवे स्लॅबला टेकले
आणि छतावरून चालावं तशी
हातांनी होडी पुढे नेली.
नाकाच्या वर वीतभर सिमेंट,
त्यात फळ्यांचे ठसे, गाठींसकट,
एक वाकडा खिळा,
आणि कुणाच्या तरी बोटानं ओल्यात लिहिलेलं
"संजू".
दोन्ही भिंतींवर कालवं चढलेली,
एका रेघेपर्यंत, त्यावर एकही नाही.
माझ्या पट्टीपेक्षा सरळ होती ती रेघ.
मी टेप काढला, तोवर
आम्ही उजेडात आलो होतो.

पलीकडे मांडवी इतकी रुंद पसरलेली
की लाज वाटावी.
फोंडूंनी पाग खांद्यावर घेतला, फेकला,
पाण्यावर क्षणभर गोल उमटला आणि बुडाला.
तीन काळुंदरं. एक सोडून दिलं,
का ते सांगितलं नाही.

पणजीला जाऊन मी लिहिलं:
"भरतीवर अवलंबून."
फॉर्म परत आला.
शेरा होता, आकडा लिहावा.

मग १.२ लिहिलं.
खोटं नाही ते.
त्या बुधवारी, सव्वाचार वाजून गेल्यावर,
दोन माणसं उताणी झोपलेली असताना,
तेवढंच होतं पाणी.
आठव्या रकान्यात, नौका जाऊ शकते का,
तिथं मी "होय" वर खूण केली.
शाई थोडी फुटली.
त्या कोपऱ्यात कागद अजून ओला होता.