मुका ह

शाळेच्या वहीत यास्ना काही लिहीतच नाही.
'माझी सुट्टी' यावर दहा ओळी सांगितल्या
तर तिनं तारीख घातली, समास आखला
आणि समासात एक कोंबडी काढली.
बाई म्हणाल्या, घरी सराव घ्या.
मी कसला सराव घेणार?
माझी शाळा तिसरीतच सुटली,
आणि हात दिवसभर शिंपल्यांत.

एका बुधवारी हात ओले होते माझे
(दुसरं काहीही कारण नव्हतं)
म्हणून म्हटलं, चिठ्ठी तूच लिही,
लांच नऊला सुटते.
चुलीपाशी उकिडवी बसून
तिनं बिस्किटाच्या पुड्यामागे लिहिलं:
पीठ
दोरा, काळा
मेणबत्त्या सहा
आणि जीभ बाहेर काढून, फार जपून,
चॉकलेट, जमलं तर.

आमच्या भाषेत पीठ लिहिताना आधी एक ह येतो.
बोलताना त्याला कुणी विचारत नाही,
आरीना म्हणतात आणि मळायला घेतात.
दोऱ्याच्या पुढ्यातही तसाच एक, मुका.
तिनं दोन्ही गाळले होते.
मी बोलले नाही. खरं सांगायचं तर
मलाही नक्की आठवत नव्हतं.

संध्याकाळी पिशवी आली दालकाउएहून,
वर तीच चिठ्ठी, पावसानं मऊ झालेली,
आणि खाली दुकानवाल्या एदुविनाचं तिरकं अक्षर:
'काळा दोरा संपला, निळा धाडते.
चॉकलेट जमलं.'
यास्नानं ती तीनदा वाचली.
कुणी उत्तर देतं, हे तिला ठाऊक नव्हतं.
शाळेतल्या वहीला नुसती बरोबरची खूण येते.

मग काय, चिठ्ठ्यांना ऊत.
वाऱ्यानं पाडलेल्या गोष्टी: दोन कौलं, एक बादली,
शेजारच्या रोसेंदोची टोपी.
बटाट्यांच्या जाती, रंगाप्रमाणे; एकीला तिनंच नाव दिलं.
आई कशाकशाला नाही म्हणते (ही लांबलचक).
पुढच्या बुधवारी पीठ लिहिताना
तिनं एदुविनाची जुनी चिठ्ठी शेजारी ठेवली
आणि ह घातला.
'ऐकूच येत नाही तर हा असतो कशाला?'
मी म्हटलं, असतो.
ती म्हणाली, हे काही उत्तर नाही.

जूनच्या शेवटी कधीतरी वाचलं मी:
'मीठ थोडंच, कारण मागचं अजून ओलं आहे.'
कारण!
शिंपला हातात तसाच राहिला माझ्या.
सामानाच्या चिठ्ठीत कुणी कारण लिहितं का?
पण तिनं लिहिलं, आणि एदुविनानं उलट लिहिलं,
'तांदळाचे चार दाणे टाका त्यात.'

बाप तिचा दक्षिणेला, मेंढ्या भादरायला.
कधी फोन लागतो, कधी नुसती खरखर.
काल तिनं वहीचं मधलं पान फाडलं, शाळेच्याच वहीचं,
वर लिहिलं: बाबांना सांगायच्या गोष्टी.
दात पडला. खालचा.
रोसेंदोची टोपी सापडली, खेकडा होता आत.
कोंबडी रुसली आहे, कारण माहीत नाही.
आकडा सात, आणि पुढे कोरं.
'सात तुझा,' म्हणाली, आणि पेन्सिल माझ्यासमोर धरली.

हात पुसले. कितीतरी वेळ पुसत होते.
काय लिहावं माणसाला अशा माणसानं?
शेवटी लिहिलं, धूर घरात येतो,
धुराडं बघायला हवं.

यास्नानं पान ओढून घेतलं,
ओठ हलवत वाचलं,
काही बोलली नाही.
फक्त माझ्या धुराच्या आधी,
दोन शब्दांमधल्या इवल्याशा फटीत
अंग चोरून उभा राहील असा
एक ह घातला.