गॅप सर्टिफिकेट

साताऱ्यात कोर्टासमोरच्या चिंचेखाली
मुजावर टायपिस्ट विचारतात,
"दोन वर्षं खंड. कारण?"
मी म्हणते, लाँच.
ते चष्म्यावरून बघतात.
"असं चालत नाही बाळ. एका ओळीत बसलं पाहिजे."

एका ओळीत.
बरं, मग लिहा:
उंबरतळी ते बामणोली कोयनेचं पाणी आहे,
पाण्यावर एक लाँच आहे,
लाँचला एक पंखा आहे,
तो ज्या आठवड्यात मोडला
त्याच आठवड्यात कॉलेजात यादी लागली.
माझं नाव सदतिसावं.
मी पोचले तेव्हा त्यावर दुसरी यादी चिकटवलेली,
कडेनं नुसतं 'बिरा' एवढंच दिसत होतं.
पुढचं 'मणे' खळीखाली.

क्लार्क वाईट नव्हता. पाणी दिलं त्यानं.
म्हणाला, "तीन दिवस होते की तुमच्याकडं."
होते. सगळ्यांनाच तीन होते.
राजवाड्याजवळच्या मुलींच्या तीन दिवसांत
पाणी नव्हतं.

पुढच्या वर्षी आठ दिवस आधी आले,
गोडोलीत आत्याच्या जावेकडं राहिले.
प्रवेश मिळाला!
हॉस्टेलला मात्र वेटिंग अकरा.
माझ्या पुढच्या दहाजणींपैकी
एकीचंही लग्न ठरलं नाही,
आणि माझं ठरायला लागलं.

तात्या म्हणाले, रोज जाऊन येऊन कर.
पहिली लाँच नऊला, मग एसटी,
आणि पहिला तास साडेसातला.
मला गणितात ब्याण्णव होते, मुजावरचाचा,
तरी हे सुटेना.

पाण्याखाली आमची जुनी शाळा आहे म्हणतात.
चौथीपर्यंतचीच.
पण तिथं चालत जाता यायचं.

मुजावर ऐकतात.
बोटं मशीनवर तशीच ठेवून.
मग हळू टाइप करतात,
'घरगुती कारणास्तव'.
त्यांच्या मशीनचा 'ण' जरा वर उडतो.

खाली छापील ओळ आहेच:
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

घरात तसं काहीच कारण नव्हतं.
आई होती, दोन म्हशी होत्या,
आणि लग्न मोडल्यावरही
माझी मार्कशीट पत्र्याच्या पेटीत
तेलाचा हात न लागू देता जपणारे तात्या.

मी सही केली. कांचन लक्ष्मण बिरामणे. पूर्ण.

"किती वाजले, चाचा?"
"दोन वाजून गेले."
कॉलेजची खिडकी तीनला बंद होते,
शेवटची लाँच पाचला.
शिक्क्याची शाई वाळायच्या आत
मी पळत सुटले,
कागद वाऱ्याला धरून.