सम की विषम

वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी तीन रकाने आखले
आणि कागद फ्रिजला लावला.
हार्लन. मॉस रोड. ईस्ट क्रीक.
दगडापेक्षा वीट मऊ म्हणावं,
तर तिन्ही शाळा विटांच्याच.

हार्लनला दहापैकी आठ.
मॉस रोडला पाच.
ईस्ट क्रीकला तीन.
हे गुण कोणी दिले, कुठे बसून,
त्याच्या घरी अकरा वर्षांचं कोणी आहे का,
हे कुठल्याच रकान्यात बसेना.

मंगळवारी हॉटेलातल्या चादरींची पाळी संपवून
टोबिनला घेऊन निघाले.
टोलीडोत मार्च म्हणजे चिखल,
आणि गाड्यांच्या पोटाला लागलेलं रस्त्यावरचं मीठ.

हार्लनमध्ये एक रोबो पाहुण्यांना पेन्सिली वाटत होता.
मुख्याध्यापक म्हणाले, "आमची मुलं,"
आणि त्यांची नजर माझ्या बुटांवरून एकदा जाऊन आली.

मॉस रोडचं घड्याळ दहा वीसवर थांबलेलं.
पण ग्रंथालयातल्या मिसेस सोताकनी
टोबिनला विचारलं, काय वाचतोस,
आणि तो सांगत होता तितका वेळ
दुसरीकडे पाहिलं नाही.

ईस्ट क्रीकच्या जिन्यात छत गळत होतं.
खाली बादली.
सफाईवाला डेलरॉय ती रिकामी करायला नेताना
येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोराला नावानं हाक मारत होता.
बादली मी लगेच टिपून घेतली.
नावं घरी आल्यावर आठवली.

टोबिनचा तिन्हीकडे एकच प्रश्न:
"ज्याला अजून मित्र नाही, तो जेवायला कुठे बसतो?"

हार्लन हसलं. "इथे सगळ्यांना मित्र असतात."
मिसेस सोताक म्हणाल्या, "माझ्या टेबलामागे.
दोन खुर्च्या आहेत, एक भरलेली आहे."
डेलरॉयनं बादली खाली ठेवली.
"माझ्याबरोबर, बॉयलरच्या खोलीत.
पण गुरुवारी मी मासा आणतो. वास सोसावा लागेल."

बुधवारी जिल्हा कार्यालयात फोन केला.
बाईंनी गुण विचारले नाहीत,
पोरगं कसं आहे तेही नाही.
"फिंच स्ट्रीट? घर नंबर सम की विषम?"

सम.

हद्द म्हणे रस्त्याच्या मधोमध,
दुहेरी पिवळ्या पट्ट्यावरून जाते.
समोरची मारिसेला, जिची सायकल
आमच्याच अंगणात पडलेली असते, ती हार्लनला.
आम्ही ईस्ट क्रीकला.
बारा पावलं होतात. मी मोजली,
गाड्या नव्हत्या तेव्हा.

बदलीचा अर्ज करता येतो, बाई म्हणाल्या.
यादी असते.

रात्री पाहिलं तर कागदावर,
तिसऱ्या रकान्यात, तीनच्या खाली
टोबिनच्या तिरप्या अक्षरात:
गुरुवारी मासा.

हसले. मग भांडी घासली.
अर्जही भरला, खोटं कशाला बोलू.
आमचा नंबर दोनशे चौदावा.