पाणी कुठं मुरतंय

दाजी पेठेतल्या या बोळात
मला ओलवाला म्हणतात.
गवंडी म्हणत नाही कुणी.

राजमणी येमूलच्या घरी गेलो तेव्हा
भिंत कंबरेएवढी भिजलेली,
लोणा फुटून रंगाचे पोपडे खाली.
तिच्या मांडीवर सूप, विडीची पानं, कात्री, मापाचा पत्रा.
म्हणाली, पानाला ओल लागते हो,
नाहीतर वळताना मोडतं.
पण माझ्या भिंतीला कशाला?

आधी तिघं येऊन गेले होते.
एकानं डांबर फासलं.
एकानं सिमेंटचा गिलावा चढवला, वर पिस्ता रंग,
म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
ओल गुपचूप चढत गेली
आणि देवाच्या फोटोमागून बाहेर आली.
तिसऱ्यानं शेजारच्या बोद्दूलांच्या न्हाणीकडे बोट दाखवलं.
तेव्हापासून दोन घरांत
हळदीकुंकूसुद्धा बंद.

मी काही फोडलं नाही.
ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारली, तारीख टाकली,
चहा घेतला, घरी आलो.

सोळा तारीख. रेघेच्या आत.
सतरा. तिथंच.
अठराला रात्री अडीचला नळ आला,
बोळभर मोटारी, घागरी, ड्रम, पोरांना हाका.
एकोणीसला सकाळी
ओल रेघ ओलांडून चार बोटं वर.

पुढच्या नळालाही तसंच.

मग मधल्या खोलीतली शहाबादी ठोकून बघितली.
एका जागी आवाज पोकळ.
तिथं मागाचा खड्डा होता, राजमणी म्हणाली,
सासरे पाय सोडून बसायचे.
पॉवरलूम आले तेव्हा रोडा भरून बुजवला,
असं सांगायचे.

फरशी उचलली.
रोडा नुसता वरचा हातभर, फळ्यांवर.
खाली पाणी. निवळशंख.
वाकून वास घेतला, पालिकेच्या पावडरीचा.
पाच दिवसांआड ज्याच्यासाठी ही बाई रात्र जागते
ते घरातच बसलेलं होतं,
सासऱ्यांच्या जागी,
पाय सोडून.

बोळाखालचा बिडाचा पाइप फुटलाय, ते काम पालिकेचं.
अर्ज दिलाय. तो वेगळा विषय.
भिंत माझी.
सिमेंट सगळं खरवडून काढलं.
आत काळा दगड, मातीचे सांधे,
वाऱ्याला पहिल्यांदाच लागल्यासारखे.
गिलावा कधी, ती रोज विचारते.
मी म्हणतो, उन्हाळा जाऊ दे, मग चुन्याचा करू.
सोलापुरात ऊन तेवढं फुकट आहे.

खड्डा ती रोज उपसते. धुण्याला होतं, म्हणते.

परवा बोद्दूलबाई दारात येऊन उभी राहिली.
आमचीपण बघाल का एकदा, मला म्हणाली,
बघत मात्र राजमणीकडे होती.
राजमणीनं मान वर केली नाही.
सूप जरा सरकवून जागा केली.

आता दगडावर खडूनं रेघा मारतो.
काल ओल दोन बोटं खाली होती.
आज रात्री नळ आहे.