शंभराला एक

तीस वर्षं मी लाकडाचं बीड होताना पाहिलं.
उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडखाली
सागवानाचा पंप, सागवानाची पुली,
कोपऱ्याकोपऱ्यात मेणाची गोलाई.
मग इस्माईल मोमीन ते वाळूत पुरायचा,
ठोकायचा, हलक्या हातानं उपसायचा.
उरायची ती पोकळी,
आणि सगळी किंमत त्या पोकळीला.
माझं लाकूड परत रॅकवर,
पाठीवर नंबर रंगवून.

आता जिन्याखालच्या खोपीत
(सून तिथं वॉशिंग मशीन ठेवणार होती)
मांडीवर एक लाकूड आहे
ज्याचं पुढं काही व्हायचं नाही.
लाकूडच राहायचं.

पाठीला शिवण, राधानगरीकडची.
वखारवाला चौगुले म्हणाला, काय करताय?
फिडल.
म्हणजे?
सारंगीची धाकटी भण.
त्यानं पैसे कमी केले नाहीत, पण फळी दुसरी काढून दिली,
आतली.

पोटाला मशीनच्या खोक्याची फळी.
फाउंड्रीत कधीतरी परदेशातनं लेथ आलं होतं,
तेव्हापासून माळ्यावर.
रेषा उभ्या, विंचरल्यासारख्या,
आणि वर काळ्या रंगात छत्री: भिजवू नका.
रंधा मारला तशी छत्री
कुरळी होऊन पायाशी पडली.

बाजूच्या पट्ट्या तापल्या पाइपवर वाकवल्या.
घाई केली की मोडतात,
लाड केले की पुन्हा सरळ.
दोन मोडल्या.
सरस सुभाषनगरातनं आणला, चपलावाल्यांकडनं.
ते भांडं पुन्हा माझ्या गॅसवर दिसलं, आक्काताई म्हणाली,
तर तुम्हीच आत बसा, शिजत.

तीन मिलीमीटरवर आलो की कानाशी धरून
टिचकी मारायची.
आधी दार वाजल्यासारखं.
मग रिकामं मडकं.
मग एका रात्री
आत कुणीतरी नुसतं "हं" म्हटल्यासारखं.
तिथं थांबलो.

आतली काडी पेन्सिलीएवढी.
खिळा नाही, सरस नाही, दाबावर उभी.
तंबोऱ्याच्या तारेखालच्या दोऱ्याला जीव म्हणतात,
मग हिला काय म्हणावं?
तारेच्या आकड्यानं, भोकातनं,
सात वेळा उभी केली, सात वेळा पडली.
आठव्यांदा मी तिला काहीच म्हटलं नाही.

चपड्याचे अकरा हात. रंग काकवीचा.

सोमवारी उद्यमनगर बंद, इस्माईल आला.
त्याची फिडल पुराच्या साली फुगून उकलली,
तेव्हापासून लग्नसराईत तो घरीच.
त्यानं हनुवटी टेकवली.
डावा कान भट्टीनं कधीच नेलाय,
तो जबड्याच्या हाडातनं ऐकतो.
एक सूर ओढला. दुसरा.
बोट सरकवलं. थांबला.
"पिराजी, कुठल्या पट्टीनं मापलंस?"

फळीवर पट्टी पडली होती.
तीच. शंभराला एक जादा देणारी,
बीड थंड होऊन आकसणार
हे आधीच धरून चालणारी.
हाताला दुसरी माहीतच नाही.
अख्खी फिडल साडेतीन मिलीमीटर लांब.
ओतकामाला अगदी बरोबर.

"म्हणजे हिला अजून ओतायची हाय," तो म्हणाला,
आणि असा हसला की सून डोकावून गेली.

मी म्हटलं, मान उतरवतो, नवी बसवतो.
"ऱ्हाऊ दे."
त्यानं बोटं ताणली,
वाळूनं घासून नखं कधीच सरळ न वाढलेली,
माझ्या प्रत्येक वस्तूची पोकळी ओळखणारी बोटं.
"लोखंडाला जन्मभर सूट दिलीस.
एवढी मी देतो."

मग लग्नातलं काहीतरी वाजवलं.
थोडं उतरलेलं. मग थोडं कमी उतरलेलं.
मधेच माझ्याकडं न बघता म्हणाला,
थंडी पडू दे, लाकूड हाय, आकसंल.
आकसंल, मी म्हटलं,
दोघांनाही माहीत होतं, एवढं नाही.

वॉशिंग मशीन अजून अंगणात आहे,
खोक्यातच.
वर छत्रीचं चित्र.