शब्द कुठे तोडायचा

सोदरतेल्येत दुपारी चारलाच रात्र होते.
शमुनीबाई पिठाचं बोट टेबलावर टेकवून
मला एक शब्द लिहून दाखवते,
उजवीकडून डावीकडे:
मारानाथा.

"यात दोन वाक्यं राहतात," ती म्हणते,
"आणि खोली एकच आहे."

मारान आथा : आमचा प्रभू आला.
माराना था : प्रभू, ये.
जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत.
पान महाग होतं,
श्वास वाचणाऱ्याचा होता.
ग्रीकमध्ये पत्र लिहिता लिहिता कुणीतरी
शेवटी हा एवढाच शब्द
आपल्या बोलीत राहू दिला,
परमुलखात गेलेला माणूस
खिशात घराची किल्ली ठेवतो तसा.

माझ्या कानाला त्यात आधी मरण ऐकू आलं,
मग नाथा.
सांगितलं, तर हसली, पार खोकला येईपर्यंत.
"योगायोग. पण वाईट नाही.
आमच्या तोंडी तर 'आ'चा 'ओ' होऊन बसलाय."

आमच्या म्हणजे मिद्यातच्या बाजूला,
दगडी घरं, द्राक्षाचे वेल, एक घंटा.
त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात बरसोम
पाण्याच्या पंपाचा पट्टा आणायला
नुसैबीनला गेला.
पट्टा भलत्याच कुणीतरी आणून दिला.
इतकंच सांगते ती,
आणि मळलेलं पीठ पुन्हा मळते.

चर्चमध्ये डीकन साबो पहिल्यासारखा तोडतो.
आला! आलेलाच आहे!
त्याचा आवाज मोठा आहे,
त्याच्या घरी सगळी माणसं मोजून भरतात.
शमुनीबाई ओठातल्या ओठात दुसरं म्हणते.
आणि कधी कधी, हे तिने हळूच कबूल केलं,
तोडतच नाही.
एका दमात म्हणून टाकते.
आला, की ये,
त्याचं त्याने ठरवावं.

भट्टीतून रोट्या निघतात. सात.
खाणाऱ्या आम्ही दोघी.
खाली जिन्यापाशी कुणीतरी
बुटांवरचा बर्फ झटकतं,
आणि ती पिठाचं बोट उचलून
मला गप्प करते.
तिच्या कोपराखाली शब्द पुसला गेलाय,
डावीकडचं तेवढं उरलंय :
था.

पावलं आमच्या दारावरून वर जातात,
तिसऱ्या मजल्यावर.
"खा," ती म्हणते,
"गार होतंय."